मांडवाच्या पलीकडचं घर

लग्नाचा मांडव सहा-सहा महिने आधी ठरतो. मयतीचा मांडव तासाभरात उभा करावा लागतो. आमच्या बिछायतीच्या धंद्यात दोन्हीकडे जवळपास तोच माल जातो: पाईप, ताडपत्री, कनाती, सतरंज्या, खुर्च्या, पाण्याचे जार, उन्हाळ्यात कूलर. फरक पडतो तो शेजाराचा. लग्नघरचा माणूस महिनाभर आधी डाव्या-उजव्या घरी पत्रिका देऊन येतो, दोन दिवस गडबड होईल म्हणून सांगून ठेवतो, गाड्या कुठे लावायच्या तेही ठरवून टाकतो. ज्या घरातला माणूस गेला आहे त्या घरात हे कोणाला सुचत नाही आणि सुचावं अशी अपेक्षाही कोणी करू नये. म्हणून पत्त्यावर पोचलो की मी आधी त्या घराच्या दोन्ही बाजूंची घरं पाहतो. कोणाचं फाटक कुठे उघडतं, कोणाची गाडी आत अडकणार आहे, कोणाच्या गच्चीवर लायटिंगच्या माळा लागल्या आहेत. गाडीतून पाईप उतरायच्या आधी एवढं पाहून झालेलं असतं.

हे काम मी अकोल्यात मामांकडे शिकलो. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडे, भिंतीला भिंत लागून घरं. तिथे मांडव कोणाच्या दारात येतो हा प्रश्न निघत नसे, कारण मांडव गल्लीतच पडायचा आणि गल्ली सगळ्यांची होती. मयतीच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा समोरच्या घरातून बेसन-भाकर यायची आणि बाजूची काकू चहाचं पातेलं घेऊन यायची. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड असते. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर आणून राजराजेश्वराला घालतात आणि रात्रभर ढोल वाजत असतात. अशाच एका कावडीच्या पहाटे आमच्या ओळखीच्या गल्लीत एक म्हातारे गेले. मामांनी पोरगा सायकलवर पाठवून मंडळाला निरोप दिला. कावड त्या घराजवळ आली तेव्हा वाजवणाऱ्यांनी हात थांबवले. खांद्यावरच्या कावडी नुसत्या पावलांच्या आवाजात घरापुढून निघाल्या आणि वळण ओलांडल्यावर ढोल पुन्हा सुरू झाले. मंडळावर कोणी हुकूम सोडला नव्हता. निरोप गेला होता, आणि तो कावड गल्लीत शिरायच्या आत गेला होता.

जुनं ते सगळं चांगलं असं म्हणायला मात्र मी तयार नाही. त्याच गल्ल्यांत सतरंजी अंथरताना मी शेजारपाजारच्या बाया नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायला आणि बांगड्या फोडायला पुढे सरसावताना पाहिल्या आहेत. घरच्यांच्या मनात नसलं तरी शेजारणींच्या धाकानं ते व्हायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं १७ मेला परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितला. कागद निघाला हे फार बरं झालं. पण तो कागद अंगणात कोणाला तरी उच्चारावा लागतो. मी आता धंदा करतो त्या अमरावतीत, राजापेठेकडच्या एका घरी मी ते ऐकलं. शेजारची एक वयस्क बाई पुढे झाली तशी गेलेल्या माणसाची मुलगी आईच्या आडवी उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "काकू, आईले हात नोका लावू. बसाचं असन तं बसा, मी चहा आणते." ती बाई रागानं उठून गेली आणि तेरवीलाही आली नाही. मांडवात त्यावर कुजबूज झाली. माझ्या मते त्या मुलीनं त्या दिवशी आईसाठी जे केलं त्यापुढे ती कुजबूज काहीच नव्हती.

आता अमरावती चहूकडे पसरली आहे. कठोरा रोडला, बडनेरा रोडला, जिकडे पाहावं तिकडे ले-आऊट पडले. प्रत्येक प्लॉटला कंपाउंड, फाटकावर कॅमेरा. शेजारी शेजाऱ्याला गाडीच्या नंबरावरून ओळखतो. अशा वस्तीत मयतीचा मांडव रस्त्यावर येतो तेव्हा पहिली कुरबूर फाटकाची असते. गाडी कशी काढू, किती वेळ लागेल, खुर्च्या माझ्या भिंतीला का लावल्या. ज्याच्या बापाला अजून घरातून बाहेर काढलेलं नाही, त्याच्या कानावर हे पडतं.

या कामात एवढ्या वर्षांत मी एकच नियम पक्का केला आहे. सुतकातला माणूस शेजाऱ्याशी बोलायला जाऊ द्यायचा नाही. मुलगा नको, भाऊ नको, जावईसुद्धा नको. जाईल तो लांबचा नातेवाईक, ऑफिसातला मित्र, नाही तर मी. त्या दिवशी घरच्या माणसाच्या जिभेवर ताबा नसतो, आणि नसणं स्वाभाविकच आहे. तो भांडला की भांडण आणि मृत्यू एकाच गाठीत बांधले जातात. वर्षानुवर्षांनी लोक मला भेटतात. सांत्वनाला कोण आलं आणि काय बोललं, ते त्यांना आठवत नाही. 'बाबा गेले त्या दिवशी त्यानं गाडी हलवली नाही' हे मात्र तारीख-वेळेसकट आठवतं. बापाची आठवण काढली की मागोमाग ती गाडी येते. हे ओझं त्या माणसाला आयुष्यभर मिळू नये, यासाठी जे करता येईल ते माझ्या कामाचाच भाग आहे असं मी मानतो. बिलात ते येत नाही.

मे २०२४ मधली अकोल्याची गोष्ट सांगतो. त्या महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला होता. जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. दुपारी मोठ्या चौकातसुद्धा माणूस दिसत नव्हता. अशा दिवसांत मामेभावाचा फोन आला म्हणून मी अमरावतीहून मदतीला गेलो. एक निवृत्त गृहस्थ संध्याकाळी गेले होते आणि मुलगा पुण्याहून रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी पोचणार होता. तोवर देह घरी ठेवायचा म्हणजे शीतपेटी लागणार, आणि शीतपेटीला अखंड वीज लागणार. घरात पेटी, दोन कूलर, पाहुण्यांसाठी पंखे. जुनं वायरिंग होतं, ते भार घेईना. दर थोड्या वेळानं ट्रिप होऊन सगळं अंधारात जायचं आणि आतून बाईचा हुंदका ऐकू यायचा. पेटी बंद पडली की त्या माउलीला वाटायचं, आपलं माणूस उकाड्यात पडलं.

शेजारच्या घरी एक वायर मागितली. मागायला गेलेला पुतण्या होता. उत्तर आलं, "आमच्या मीटरवर लोड येते. जमत नाई." पुतण्या तिथेच तापला, दोन शब्द वर-खाली झाले, फाटक लागलं. मग मामेभावानं जनरेटर मागवला. जनरेटर ठेवायला मांडवात जागा एकच, त्या शेजाऱ्याच्या खिडकीखालची. तो सुरू झाल्यावर अर्ध्या रात्री शेजारचे काकाजी बनियनवरच बाहेर आले. पुतण्या पुढे सरसावला तसा मी त्याचा हात धरून त्याला आत पाठवलं आणि स्वतः गेलो.

"काकाजी, सकाळी सातच्या आत मुलगा पोचते. आठला आमी निघतो. एवढीच रात्र."

ते थांबले. त्यांच्या घरातही एक आजारी म्हातारी होती, तिला झोप लागत नव्हती. कूलर बंद पडेल या धास्तीनं त्यांनी वायर नाकारली होती. म्हणाले, "किती वेळ लागन हे काहून नाई सांगितलं कोणी? मले वाटलं, आता तेरा दिवस माह्या घरची लाईट." त्यांनी स्वतः एक्स्टेंशन काढलं आणि कंपाउंडवरून वायर टाकली. पेटी एकटी त्यांच्या मीटरवर लावली, कूलर घरच्या लाईनवर ठेवले, जनरेटर बंद केला. सकाळी आठला निघायच्या वेळी ते हात जोडून फाटकात उभे होते. मोहता मिलच्या मोक्षधामापर्यंत मात्र ते आले नाहीत. पुतण्या अजून त्यांच्याशी बोलत नाही. मी त्याला त्यासाठी नावं ठेवत नाही.

त्या रात्रीपासून मी शेजाऱ्याकडे गेलो की वेळेचं गणित आधी सांगतो. 'जरा सहकार्य करा' असलं काही म्हणत नाही, कारण त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या सोयीनं लावतो. कधीपासून, कधीपर्यंत, कोणती जागा आणि अडचण आली तर कोणाला फोन करायचा, एवढं बोलतो. मांडव फाटकाच्या आड येत असेल तर दोन पाईप मागे घेतो आणि गाडी निघेल एवढी वाट सोडून दाखवतो. रस्त्यावर मांडव घालायला मनपाची परवानगी लागते, मयतीच्या तासाभरात ती कोणी आणू शकत नाही. म्हणजे आपण शेजाऱ्याच्या भलेपणावरच तिथे उभे असतो. हे मी घरच्यांनाही समजावून सांगतो.

आवाजाचं प्रकरण याहून अवघड. लग्नसराईत एका घरी मयत आणि चौथ्या घरी हळद, असं हमखास होतं. लोक विचारतात, पोलिसांना फोन करू का? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. सणावारासाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. दहानंतर वाजत असेल तर ११२ ला फोन करावा, त्यात संकोच बाळगू नये. पण हळद दुपारी चारला असते, आणि दुपारी चारचं गाणं नेमकं किती डेसिबलचं आहे हे मोजत बसण्याच्या अवस्थेत मयतीच्या घरचा माणूस नसतो.

इथे मला धंद्याची ओळख कामी येते. साऊंडवाला बहुतेक वेळा आमच्याच ओळखीचा निघतो. मी यजमानांच्या आधी त्याला गाठतो. बेस उतरव आणि टॉपची तोंडं रस्त्याकडे फिरव, एवढंच सांगतो. भिंतीतून आत शिरतो तो बेस. खिडक्यांची तावदानं आणि माणसाची छाती त्यानंच हादरते. बेस उतरला की तीन घरं पलीकडे गाणं ऐकू आलं तरी अंगावर येत नाही. मग मुलीच्या बापाकडे जातो. त्याला हळद बंद करा असं मी कधी म्हणत नाही. त्याच्याही घरचं एकदाच होणारं कार्य आहे, त्यानं लग्नाला पै-पै जमवलेली असते. साडेचारला तिरडी उचलणार आहेत, सव्वाचार ते पाच थांबवा, एवढं मागतो. नाही म्हणणारा बाप मला क्वचितच भेटला. कित्येकदा तर हळदीतले चार जण खांदा द्यायला आलेले पाहिले आहेत.

आपल्या लोकांना गप्प राहता येत नाही असं कोणी म्हटलं की मला मोझरी आठवते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले. आश्विन वद्य पंचमीला मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात त्यांची पुण्यतिथी असते, आणि दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. गावोगावच्या पालख्या, दिंड्या, फुगे विकणारे, भुईमुगाच्या शेंगांची हातगाडी, लाखाच्या घरातली माणसं. ठरल्या मिनिटाला हे सगळं जागच्या जागी थांबतं. कडेवरच्या पोरांना आया पदराखाली घेतात. मी तिथे उभा राहून हे अनुभवलं आहे. ती माणसं वेगळ्या मातीची नाहीत. त्यातलीच काही दुसऱ्या दिवशी आपापल्या गल्लीत डीजे लावत असतील. तिथे त्यांना मिनिट ठाऊक असतं आणि कोणासाठी थांबायचं तेही ठाऊक असतं.

कोरोनात यातलं काहीच हाताशी उरलं नव्हतं. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावती आणि अचलपूर बंद झालं. बाकीचं राज्य अजून चालू होतं, तेव्हा आमच्याकडे दुकानांना कुलपं लागली. एप्रिलमध्ये राज्यभर निर्बंध आले आणि अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा पडली. मांडव नाही, सतरंजी नाही, बसायला येणं नाही. बाधित घराची वाट बंद करायला बल्ल्या लागत, आणि त्या बऱ्याच ठिकाणी आमच्यासारख्यांच्या गोदामातून गेल्या. ज्या बल्ल्यांवर लग्नाची झालर लावायची त्या आडव्या बांधून लोकांची दारं अडवली जात होती, हे मला अजून सोसत नाही.

त्या काळात एका ओळखीच्या घरातले वडील दवाखान्यात गेले आणि तिथूनच त्यांना हिंदू स्मशानभूमीत नेलं. आई आणि मुलगी रिक्षानं घरी आल्या. समोरच्या दोन घरांच्या खिडक्या त्यांच्या डोळ्यांदेखत लागल्या. ती मुलगी आता म्हणते की खिडक्या लावल्या त्याचं मला काही नाही, सगळेच घाबरलेले होते, आम्हीपण लावल्या असत्या. पण शेजाऱ्यांनी दूधवाल्याला आमच्या फाटकापुढे थांबू दिलं नाही, ते मी विसरणार नाही. मला तिचा हा निवाडा बरोबर वाटतो. स्वतःचं दार लावणं ही भीती झाली. दुसऱ्याच्या दारी येणारं दूध अडवणं भीतीत बसत नाही. त्याच गल्लीच्या टोकाला एक शिवणकाम करणारी बाई राहते. ती रोज संध्याकाळी डबा आडव्या बल्लीला अडकवून, लांबूनच हाक मारून जायची. तिची त्या घराशी त्याआधी धड ओळखही नव्हती.

आणि काही ठिकाणी माझा नियम चालत नाही, हेही सांगितलं पाहिजे. साईनगरच्या बाजूला एका घरी आई गेली. अंत्यविधी झाला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागून असलेल्या घरात मुलाचा वाढदिवस होता. गच्चीवर फटाके, गाणी, हॅपी बर्थडेचा गलका. इकडे पणतीपुढे माणसं भिंतीला टेकून बसलेली. मांडव त्याआधीच निघाला होता, त्यामुळे मला हे पुढे कळलं. वर्षश्राद्धाला त्या घरच्या मुलानं मला बोलावलं आणि सांगितलं, "भाऊ, त्या बाजूनं कनात जरा उंच घ्या. मले ते घर दिसाले नोको." मी कनात उंच घेतली. नेहमीच्या सवयीनं शेजारी जाऊन वेळही सांगून आलो. सकाळी १० ते दुपारी ३, गाड्या पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर. ते गृहस्थ नीट बोलले. निघताना मात्र म्हणाले, "मागच्या साली आमाले कोणी असं सांगितलं असतं तं आमी कार्यक्रम पुढे नसता का ढकलला?"

हे मी त्या मुलाच्या कानावर घातलं. तो खुर्च्यांची थप्पी सोडवत होता. त्यानं मान वर करून पाहिलं. म्हणाला, "तिरडी त्यायच्या फाटकासमोरून गेली न भाऊ. आणखी काय सांगाचं असते?"

त्याचं म्हणणं खरं आहे, आणि मी त्याला तसं सांगितलं. फाटकासमोरून तिरडी जाताना ज्याला दिसली, त्याला वेगळा निरोप कशाला हवा? तरी पुढच्या आठवड्यात शेगाव नाक्याकडून मयतीचा फोन आला तेव्हा पोरांना पाईप उतरवायला थांबवून मी आधी शेजारच्या घराची बेल वाजवली.